पहिल्या पानावर कोणता आकडा जाणार?

गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या एका ब्लॉकच्या, म्हणजे खनिजासाठी आखलेल्या जागेच्या, प्राथमिक खनिजशोधाचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मी दगडांपेक्षा कागदाचा विचार जास्त करत होते. दगड कसे वागतात ते साधारण ठाऊक होतं. त्यांच्याबद्दल आपण लिहिलेलं वाक्य सरकारी टेबलावर गेल्यावर कसं वागतं, हे मला जवळून बघायचं होतं. ब्लॉकचं नाव आणि प्रमाणाचे आकडे इथे देत नाही, कारण प्रक्रिया अजून चालू आहे. बाकी जे झालं ते सांगते.

बडोद्याहून डभोई, बोडेली मागे टाकून कवांटकडे वळलं की सपाट शेतं संपतात आणि टेकड्या सुरू होतात. इथली अंबाडुंगर टेकडी जगभरच्या भूवैज्ञानिकांना माहीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमाराला, इथे कार्बोनेटाइट नावाचा खडक खालून वर घुसला. दिसायला चुनखडी, पण समुद्रात साचलेली नव्हे. वितळलेल्या रसातून गोठलेली. १९६३ साली सुखेश्वाला आणि उदास यांनी त्याबद्दल लिहिलं. तिथे फ्लोराइट या फ्लोरिनच्या खनिजाचा मोठा साठा निघाला आणि गुजरात खनिज विकास महामंडळाची कडीपानीची खाण त्यावरच उभी राहिली. याच खडकात लँथॅनम, सिरियम, निओडिमियम ही रेअर अर्थ, म्हणजे दुर्मीळ मृदा, गटातली मूलद्रव्यंही असतात. २०२५ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की गुजरात आणि राजस्थान मिळून कठीण खडकांत १२.९ लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड आहे. आमचा ब्लॉक खुद्द अंबाडुंगरवर नव्हता, त्याच खडकांच्या समूहातल्या बारीक डाइकांच्या, म्हणजे भेगांत घुसून गोठलेल्या खडकाच्या भिंतींच्या, पट्ट्यात होता.

आमच्यासारख्या खासगी संस्थेपर्यंत असं काम पोचण्याचा रस्ता तसा नवा आहे. पूर्वी सरकारसाठी खनिजशोध करायचा तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, राज्याच्या खनिज खात्याने किंवा सरकारी कंपन्यांनी. २०२१ नंतर मान्यताप्राप्त खासगी संस्थांनाही ते दार उघडलं. आमचा खर्च राष्ट्रीय खनिज अन्वेषण न्यासातून मिळाला. २०१५ च्या कायदादुरुस्तीने हा न्यास आला आणि २०२५ पर्यंत खाणपट्टेधारक रॉयल्टीच्या दोन टक्के रक्कम त्यात भरत होते. जागा निवडायला सर्वेक्षणाची भूरासायनिक माहिती होती. ओढ्या-नाल्यांतल्या गाळाचे नमुने ठरावीक चौकटींमध्ये घेऊन हा नकाशा तयार होतो, आणि डिसेंबर २०२३ पासून राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारात तो कुणालाही पाहता येतो. त्यात लँथॅनम आणि सिरियमचे आकडे जिथे चढे दिसले, तिथून ओढ्याच्या वरच्या अंगाला आम्ही गेलो.

प्रस्ताव न्यासाच्या तांत्रिक समितीपुढे मांडावा लागतो. समोर बसलेल्यांनी आयुष्यभर फिल्डवर काम केलेलं असतं, त्यामुळे गोड बोलून काही मिळत नाही. आम्ही सुरुवातीलाच बोअरहोल, म्हणजे यंत्राने पाडायची खोल छिद्रं, मागितले होते. समितीने ते मागे ढकलले: आधी नकाशा, मग ट्रेंच म्हणजे लांब खंदक, ट्रेंचमध्ये काही दिसलं तर मोजके बोअरहोल. तेव्हा मनातून जरा हिरमुसले होते, पण हा आदेश योग्य होता आणि पुढे त्याच क्रमाने आमचं काम वाचवलं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण बडोद्यात बसून हे लिहिताना ते सुचल्याशिवाय राहत नाही. रॉबर्ट ब्रूस फूट १८९१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झाले आणि नंतर सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात भूवैज्ञानिक म्हणून आले. संस्थानाच्या भूविज्ञानावरचा त्यांचा अहवाल १८९८ मध्ये छापला गेला. महाराजांची ग्रंथालयं, शाळा यांबद्दल आपण मराठी मंडळी भरभरून बोलतो. राज्य चालवणाऱ्याने आपल्या जमिनीखाली काय आहे हे जाणकाराकडून लिहवून घ्यावं, ही त्यांची दृष्टीही तितकीच मोठी होती, असं मला मनापासून वाटतं.

फिल्डवर आम्ही १:१२,५०० या प्रमाणाचा नकाशा केला. डाइकची भिंत सरळ नसते. फुगते, आवळते, मध्येच तुटते आणि पलीकडच्या नाल्यात पुन्हा डोकं काढते. या कामातली खरी मेख नमुना घेण्यात आहे. भूवैज्ञानिकाचा हातोडा आपोआप देखण्या दगडाकडे जातो. जिथे जांभळं फ्लोराइट चमकतं, जिथे बॅस्टनेसाइट या रेअर अर्थच्या खनिजाचे तपकिरी ठिपके भिंगातून दिसतात, तिथलाच तुकडा पिशवीत पडतो. असे शंभर तुकडे तपासले तर सरासरी सुंदर येते आणि ती खोटी असते. म्हणून डाइकच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग चर खोदून नमुना घ्यायचा, त्यात रिकामा दगडही येऊ द्यायचा, असा नियम मी टीममध्ये घातला. तरुण मुलांना ते कंटाळवाणं वाटलं, कारण चर खोदताना हात भरून येतात आणि दिवसभरात पिशव्या थोड्याच भरतात. पण अहवालातला प्रत्येक आकडा शेवटी या चरांवर उभा असतो.

डाइक तिरपा असेल आणि बोअरहोल उभा घेतला, तर कोअरमध्ये, म्हणजे बोअरहोलमधून निघणाऱ्या दगडाच्या दांड्यात, जाडी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. तिथे डाइकचा कोन धरून खरी जाडी काढावी लागते. ही शाळेतली त्रिकोणमिती आहे, पण ती न करता लिहिलेले अहवाल मी वाचलेत. जाडी फुगली की टनही फुगतात.

खडकांत किरणोत्सारी थोरियम आहे का हे बघायला आम्ही हातात धरायचं सिंटिलोमीटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, घेऊन फिरायचो. ते टिक-टिक करायला लागलं की वाडीवरची मुलं गोळा व्हायची. राठवा या आदिवासी समाजातल्या एका आजींनी विचारलं, "बेन, हे मशीन पाणी पण दाखवतं का?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी आपल्या विहिरीबद्दल सांगितलं, आणि सुनेच्या गुडघ्यांबद्दल, आणि नातवाच्या दातांवरच्या पिवळट-तपकिरी पट्ट्यांबद्दल. असे दात पाण्यातल्या जादा फ्लोराइडची खूण असू शकतात; फ्लोराइटच्या प्रदेशात ते दिसले की भूवैज्ञानिकाने थांबायला हवं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या कामाच्या यादीत विहिरीचं पाणी नव्हतं. आम्ही ब्लॉकमधल्या आणि आसपासच्या विहिरी, हातपंप, ओढे यांचे नमुने घेतले आणि खर्च आमच्या खात्यावर टाकला. काही विहिरी मर्यादेच्या वर निघाल्या. खाण सुरू होण्याआधीची ही स्थिती आहे, आणि ती आधीच नोंदवलेली नसेल तर उद्या खाण आल्यावर कुणामुळे काय झालं हे कधीच ठरवता येत नाही. गावकऱ्यांनाही नाही, खाणवाल्यालाही नाही, सरकारलाही नाही.

प्रयोगशाळेचा भाग थोडक्यात. आमच्या नमुन्यांमध्ये न सांगता काही रिकामे नमुने, काही जोडीचे आणि काही माहीत प्रमाणाचे नमुने घुसवायचे, म्हणजे प्रयोगशाळेची परीक्षा होते. एवढं करून आकडे आले. पण इथेही एक सापळा आहे. मशीन मूलद्रव्याचं प्रमाण देतं आणि बाजार ऑक्साइडची भाषा बोलतो. लँथॅनमचा ऑक्साइड धरला की आकडा १.१७ पट होतो, सिरियमचा १.२३ पट. दोन्ही आकडे खरे असतात, पण एका रकान्यात मूलद्रव्य आणि दुसऱ्यात ऑक्साइड असं मिसळलं तर तुलना कोसळते.

थोरियमचा प्रश्न तर थेट कायद्यात जातो. खाण आणि खनिज कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात रेअर अर्थ खनिजं दोन ठिकाणी आहेत. युरेनियम-थोरियम असलेली 'ब' भागात, म्हणजे अणुखनिजांमध्ये. नसलेली 'ड' भागात, म्हणजे २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या २४ महत्त्वाच्या आणि सामरिक खनिजांमध्ये, ज्यांचा लिलाव केंद्र सरकार करतं आणि पैसा राज्याला जातो. एकाच टेकडीतल्या दोन डाइकांमध्ये थोरियम वेगवेगळं असू शकतं. फाइल कोणत्या दारातून आत जाणार हे मंत्रालयात नाही, चरातल्या नमुन्यात ठरतं. त्यामुळे आम्ही थोरियमचा नकाशा वेगळा काढला आणि अणुखनिज संचालनालयाला कळवायच्या जागा त्यावर दाखवल्या.

आता मुख्य गोष्ट, ती एका पानाची.

माझा नवरा तेल क्षेत्रात आहे. बडोद्यात यात नवल नाही. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, आणि तेव्हापासून इथल्या कितीतरी मराठी घरांत कुणी ना कुणी या धंद्यात आहे. तेलवाले साठ्याचा एक आकडा सांगत नाहीत, तीन सांगतात: नव्वद टक्के खात्रीने यापेक्षा जास्त, पन्नास टक्के खात्रीने यापेक्षा जास्त, दहा टक्के खात्रीने यापेक्षा जास्त. आमच्या घरी जेवताना हे बोलणं सतत कानावर पडतं. खनिजांच्या अहवालात मात्र प्राथमिक टप्प्यावरही बहुतेक वेळा एकच आकडा असतो. शोधाचे टप्पे आपल्याकडे ठरलेले आहेत: जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी, मग जी-३, जी-२, आणि जी-१ म्हणजे सविस्तर. आमचं काम जी-४ होतं. या टप्प्यावरचा आकडा म्हणजे अंधारात हात फिरवून सांगितलेली खोलीची लांबी. तो उपयोगी आहे, पण तो किती हलू शकतो हे त्याच्या शेजारीच लिहिलेलं असायला हवं. म्हणून मी पहिल्या पानावर तीन आकडे दिले, तिन्हींच्या खाली टप्पा लिहिला, आणि कोणत्या दोन कारणांनी या आकड्यांत एवढं अंतर आहे तेही लिहिलं: डाइक खाली किती सलग आहे हे माहीत नाही, आणि रेअर अर्थचे कण दगडातून सुटे होतील का हे तपासलेलं नाही.

अहवाल गेल्यावर गांधीनगरला सादरीकरण झालं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या सात रेअर अर्थवर निर्यात निर्बंध घातल्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता, आणि मोटारींच्या चुंबकांची चर्चा सगळीकडे होती. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, या ब्लॉकने चुंबकांचा प्रश्न सुटेल का?" मी सांगितलं: कार्बोनेटाइटमध्ये हलक्या रेअर अर्थचं राज्य असतं. सगळ्यात जास्त सिरियम आणि लँथॅनम. चुंबकाला लागणारं निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम थोडं मिळेल. चुंबकाला उष्णता सहन करायला लावणारं डिस्प्रोसियम इथे नगण्य आहे. म्हणजे हा ब्लॉक चांगला निघाला तरी प्रश्नाचा एक भाग सुटेल, आणि ज्या भागावर चीनने निर्बंध घातले तो नाही. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे असंच्या असं लेखी द्या." त्यांनी भूविज्ञान शिकलेलं नव्हतं. पण नकारातलं मोल त्यांना कळलं, आणि त्या बैठकीतून मी फार समाधानाने बाहेर पडले.

पुढच्या बैठकीआधी आमच्याकडे आमच्याच अहवालाचा एक पानी सारांश तपासायला आला. तो दुसऱ्या एका सल्लागार संस्थेने केला होता. त्यात तीनऐवजी एकच आकडा होता, तोही सगळ्यात मोठा. जी-४ हा शब्द खाली बारीक अक्षरांत गेला होता. सगळ्यात श्रीमंत ट्रेंचची सरासरी घेऊन ती ब्लॉकच्या पूर्ण लांबीला लावली होती. पाण्याचा उल्लेखच नव्हता. वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. पान छोटं असतं आणि मोठा आकडा त्यात पटकन बसतो.

मी चार पानी उत्तर लिहिलं. मोठा आकडा शोभेचा नसतो, हे त्यात उदाहरणासह मांडलं. खाणपट्ट्याच्या लिलावात जिंकणाऱ्याला अंदाजित साठ्याच्या मूल्याच्या ०.५ टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते. बोली लागते ती निघणाऱ्या खनिजाच्या किमतीतला किती टक्के वाटा सरकारला देणार यावर. साठा फुगवून दाखवला तर कुणीतरी उत्साहाने मोठा टक्का बोलतो, नंतर प्रत्यक्ष दगड बघतो, आणि खाण उघडतच नाही. राज्याला महसूल मिळत नाही, देशाला खनिज मिळत नाही, आणि गावाची जमीन वर्षानुवर्षं अडकून पडते. उलट्या बाजूचा धडाही ताजा आहे. २९ नोव्हेंबर २०२३ ला महत्त्वाच्या खनिजांच्या लिलावाची पहिली फेरी सुरू झाली. त्यात २० ब्लॉक होते, त्यांतले १६ संमिश्र परवान्यासाठी, म्हणजे ज्यांत पुढचा शोध परवाना मिळवणाऱ्यालाच करायचा होता. पुरेसे बोलीदार न मिळाल्याने त्यांतले अनेक लिलाव रद्द करावे लागले. जमिनीखालची माहिती विरळ असली की जाणता गुंतवणूकदार हात आखडता घेतो. मग उरतो तो न जाणणारा, आणि त्याच्या हाती ब्लॉक देणं कुणाच्याच हिताचं नाही.

२०२१ च्या नियमबदलाने जी-४ वरच संमिश्र परवान्याचा लिलाव करता येतो. वेग वाढावा हा त्यामागचा हेतू समजतो मला. तांबं-जस्तासारख्या खनिजात तो कदाचित चालेल. रेअर अर्थमध्ये प्रमाणाइतकंच, खरं तर त्याहून जास्त महत्त्व खनिजाच्या कणाला असतं. बॅस्टनेसाइट फ्लोराइट आणि बॅराइटमध्ये इतकं बारीक गुंतलेलं असू शकतं की दगड पिठासारखा दळला तरी ते वेगळं होत नाही. कॅलिफोर्नियाच्या माउंटन पासमध्येही बॅस्टनेसाइटच आहे, पण तिथलं प्रमाण टक्क्यांमध्ये मोजतात आणि कण मोठे आहेत. 'आपल्याकडेही तेच खनिज' एवढ्या वाक्यावर निर्णय झाला तर तो चुकेल.

उत्तराला जोडून मी एक नवा नकाशा पाठवला. मूळ ब्लॉक चौकोनी आखलेला होता, कारण अक्षांश-रेखांशांवर चौकोन आखणं सोपं असतं. आमच्या नकाशाप्रमाणे दक्षिणेकडच्या भागात नुसता 'बाघ' नावाच्या थरांचा वालुकाश्म होता, डाइक एकही नव्हता. वस्ती, शेतं आणि बहुतेक विहिरी मात्र नेमक्या तिथेच. पश्चिमेला उलट, डाइक हद्दीबाहेर जाताना दिसत होते. मी दक्षिणेचा भाग वगळायला आणि पश्चिमेला थोडं वाढवायला सुचवलं. हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग आहे, जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला इथे ग्रामसभेचा संबंध येतो. ज्या जमिनीत खनिज नाही ती उगाच ब्लॉकमध्ये ओढली तर लोकांचा विरोध ओढवतो, आणि तो रास्तच असतो. भूवैज्ञानिकाच्या एका रेषेने काही घरं या सगळ्यातून सुटतात, ही जाणीव मला नकाशावर पेन्सिल ठेवताना होती.

राज्याच्या खनिज खात्यातल्या भूवैज्ञानिकांनी आमच्यासोबत येऊन दक्षिणेचा भाग पायी पाहिला. ते त्यांनी केलं नसतं तर माझा नकाशा कागदावरच राहिला असता. परतताना त्यांच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "ताई, हे आधीच कुणी सांगितलं असतं तर चौकोन आखलाच नसता." ते मराठी होते, दांडिया बाजारातले, हे मला तेव्हा कळलं.

निर्णय असा झाला: ब्लॉक लगेच लिलावात जाणार नाही. दक्षिणेचा भाग वगळून जी-३ टप्प्याचं ड्रिलिंग होईल. पश्चिमेच्या वाढीव भागाला मंजुरी मिळाली नाही, कारण तिथे वनजमीन लागते. त्याचा प्रस्ताव स्वतंत्र करावा लागेल. सारांशात तीन आकडे परत आले. पाण्याचे नमुने परिशिष्टातच राहिले, मुख्य मजकुरात त्यांची एक ओळ आली. मला ते पुरेसं वाटत नाही आणि मी तसं लिहून कळवलं आहे. मर्यादेच्या वर निघालेल्या विहिरींची यादी मात्र आम्ही जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे त्यांच्या भाषेत, गुजरातीत, वेगळी दिली.

पावसाळा संपला की ड्रिलिंगची रिग चढेल. पहिल्या काही बोअरहोलच्या कोअरमधून मोठा एकत्रित नमुना काढून तो नागपूरला, भारतीय खाण ब्युरोच्या खनिज प्रक्रिया प्रयोगशाळेत पाठवायचा आम्ही आग्रह धरला आणि तो मान्य झाला. उरलेलं ड्रिलिंग त्या चाचणीचा निकाल आल्यावरच करायचं. बॅस्टनेसाइट सुटं झालं नाही, तर तेवढ्यावरच थांबायची शिफारस मी करणार आहे.